स्पीकरची तिसरी जोडी

“ह्यात बी न्हाई,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी स्टिरिओ बंद केला.

बशीरभाईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर गाडीच्या टपावर ठेवला. फार हळू ठेवला. आपटावासा वाटत असताना माणूस जितका हळू ठेवतो तितका.

“मामा, ही जोडी परवाच बसवली.”

“परवाच म्हटलं होतं, नीट वाटत न्हाई म्हणून.”

“परवा तुम्ही म्हणालात, दोन दिवस ऐकून बघतो.”

“ऐकलं की. न्हाई आलं.”

“काय नाही आलं?”

“जे यायला पाहिजे ते.”

मी मागच्या सीटवर बसून हे ऐकत होते. दुपारचे बारा वाजले होते, दुकानाच्या पत्र्याखाली गाडी तापली होती, आणि महिन्याभरात हे तिसऱ्यांदा चाललं होतं. कंपनीचे स्पीकर गेले, त्याजागी बशीरभाईंनी लावलेले गेले, आणि आता परवाचेही जाणार होते.

“माझ्याकडे ह्याच्या वर एकच येतं,” बशीरभाई म्हणाले. “त्यात बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर असतो, ट्विटर म्हणतात. हौशी पोरं लावतात. तुमच्या वयाचं गिऱ्हाईक मी आजवर बघितलेलं नाही.”

“मग आता बघ. लाव.”

“मामा, तुम्ही ऐकता काय पण त्याच्यावर?”

“माग,” आप्पा म्हणाले.

बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

आप्पा, माझे वडील, जॉबर होते. इचलकरंजीत जॉबर म्हणजे बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी चाळीस वर्षं ते काम केलं. कारखान्यात शिरल्यावर ते आधी दारातच डोळे मिटून उभे राहायचे आणि मग चाळीस मागांतल्या नेमक्या एका मागाकडे चालत जायचे, असं लोक अजून सांगतात. मी ते कधी पाहिलं नाही. सतराव्या वर्षी शिकायला पुण्याला गेले, तिथेच कॉलेजात मराठी शिकवू लागले, आणि मागांचा खडखडाट जितका मागे टाकता येईल तितका टाकला.

आता त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. हे सांगते आहे ते त्याच्या आधीच्या वर्षीचं. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती भरली होती आणि डॉक्टरांनी कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हा कारखानदार मागासमोर फोन धरून मिनिटभराचं रेकॉर्डिंग त्यांना पाठवू लागले. आप्पा ते ऐकायचे आणि कुठला भाग ढिला झालाय, कुठला झिजलाय ते कळवायचे. घरात ऐकायची सोय नव्हती, कारण आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरी माग. म्हणून ते गाडीत बसायचे. ती माझीच जुनी गाडी, आईला डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी तिथे ठेवलेली. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. काचा वर करून, स्टिरिओवर मागाचा खडखडाट लावून, सत्तरीतला माणूस दारात उभ्या गाडीत तासन् तास बसलेला असायचा. शेजारच्या मंडळींना ते ठाऊक होतं. मला ते त्यांच्याकडून फोनवर कळलं तेव्हा मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

मी आले होते त्यांना पुण्याला न्यायला. तीन दिवस मी तेच बोलत होते.

“आप्पा, खोली तयार आहे. सकाळचं ऊन येतं.”

“हितं बी येतं.”

“इथे तुम्ही एकटे. परवा धाप लागली तर शेजारच्यांना धावावं लागलं.”

“कामं हायत माझी.”

“डॉक्टरांनी कामं बंद करायला सांगितलीत.”

“कारखाना बंद सांगितलाय. कान बंद सांगितलेला न्हाई.”

फोनवर तर ते एवढंही बोलत नसत. आई गेल्यापासून माझ्या फोनला त्यांचं उत्तर ठरलेलं: “बरं. बरं. ठेवतो.” आई होती तोवर फोन तीच घ्यायची, त्यामुळे हा तुटकपणा नवा की जुनाच, ते मला ठरवता येत नव्हतं. कधीकधी म्हणायचे, “व्हिडिओ लाव.” मी लावायचे आणि फोन टेबलावर उताणा ठेवून पेपर तपासायला घ्यायचे. पाच मिनिटांनी तेच म्हणायचे, “ठेवतो.”

त्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढला. महावीर चौगुले म्हणून एक कारखानदार होता. त्याचा एक माग पंधरा दिवस त्रास देत होता; आडवा धागा घेऊन एका टोकाच्या पेटीतून दुसऱ्या टोकाच्या पेटीत धावणारा धोटा मध्येच अडकायचा आणि सूत तुटायचं. त्यानं चार वेळा रेकॉर्डिंग पाठवलं होतं आणि आप्पांचे दोन अंदाज चुकले होते.

“धोटा पेटीत शिरतो तिथं एक बारीक आवाज असतोय,” आप्पा म्हणाले. “तोच ह्या स्पीकरात येत न्हाई. खालचं सगळं येतंय, वरचं खातोय. आज बशीरकडनं चांगले बसवून घेतो.”

“आणि त्यातही नाही आलं तर?”

त्यांनी बशीत चहा ओतला, पिऊन टाकला.

“त्यात बी मला महावीरचा माग कळला न्हाई, तर कपडे भरतो. तुझ्या चारच्या गाडीनं येतो.”

“शब्द?”

“शब्द.”

मी त्यांचं बसचं तिकीट तिथल्या तिथे काढलं.

म्हणून दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली बसून माझा जीव वैतागला होता खरा, पण आतून मी स्वस्थ होते. बशीरभाईंनी दारांची पॅनेलं काढली, आत काळा चिकट कागद लावला म्हणजे पत्रा थरथरणार नाही, मोठे स्पीकर दारात आणि ते दोन छोटे डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत बसवले. या सगळ्याला दोन तास गेले. आप्पा स्टुलावर बसून प्रत्येक स्क्रूवर नजर ठेवून होते.

“तो तिरका गेला.”

“नाही गेला मामा.”

“गेला. काढ.”

बशीरभाईंनी काढला. तिरका गेला होता. त्यांनी तो पुन्हा बसवला आणि मला म्हणाले, “ताई, तुम्ही लहानपण कसं काढलंत?”

“सतराव्या वर्षी संपवलं,” मी म्हटलं.

आप्पा दाराच्या पॅनेलकडे बघत होते.

सगळं बसवून झाल्यावर बशीरभाई म्हणाले, “आता मी ह्याची परीक्षाच घेतो, म्हणजे तुमचा संशय जाईल.” मी मागे, आप्पा स्टिअरिंगसमोर आणि त्यांच्या शेजारी बशीरभाई असे बसलो. त्यांच्या फोनमध्ये स्पीकर तपासायचे आवाज होते, अगदी खालच्या घुमणाऱ्या आवाजापासून वर वर चढत जाणारे. “मामा, डोळे मिटा. आवाज आला की बोट वर करा. गेला की खाली.”

आप्पांनी डोळे मिटले. पहिला आवाज आला तो पायांखालून आल्यासारखा. बोट वर. दुसरा, तिसरा, बोट वर. आवाज चढत गेले. शंखासारखा, मग बासरीसारखा, मग शिट्टीसारखा. शिट्टीला बोट जरा उशिरा उठलं. पुढचा आवाज सुईसारखा होता. माझ्या दातांत गेला. आप्पांचं बोट मांडीवरच होतं.

बशीरभाईंनी आवाज वाढवला. मी कानावर हात ठेवला. आप्पा डोळे मिटून शांतपणे वाट बघत होते.

बशीरभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी फोन बंद केला.

“झालं?” थोड्या वेळानं आप्पांनी डोळे उघडून विचारलं.

“झालं मामा. एकदम टॉप.”

“मग मला महावीरचं लावू दे. तुम्ही दोघं बाहेर जावा. दार लावा. काच वर.”

आम्ही उतरून गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिलो. आत आप्पा फोनशी खटपट करत होते. काचेतून मागाचे ठोके नुसते दबके येऊ लागले. बशीरभाई गाडीकडे पाठ करून उभे होते, मी त्यांच्यासमोर.

“ताई, बघितलंत ना?”

“बघितलं.”

“माझ्या मालात खोट नाही हो. मामांना कानाच्या डॉक्टरकडे—”

“त्यांना काही बोलू नका.”

“उद्या चौथी जोडी मागतील ते.”

“मागणार नाहीत. ह्याच्या वर मिळतच नाही, एवढंच सांगा. त्यांना ऐकू येत नाही हे त्यांना कळायला नको. ते खचतील. माग कळला नाही, असं वाटू दे. आज चारच्या गाडीनं मी त्यांना घेऊनच जातेय.”

बशीरभाईंनी हात पुसले. “तुमच्या घरातलं तुम्हाला ठाऊक,” ते म्हणाले. ते मला फारसं आवडलं नाही. मी जे केलं ते दयेपोटी केलं असं तेव्हा मला वाटत होतं, आणि त्या दयेचा मला उपयोगही होता, हे मी स्वतःच्या लक्षात येऊ दिलं नव्हतं.

आप्पांनी काच खाली केली. “ह्याच्या वर काय येतं?”

“काही नाही येत मामा. हेच शेवटचं.”

“बरं झालं,” आप्पा म्हणाले. “चल शैला, बस.”

गाडी तेच चालवत होते. नदीकडे जाणारा रस्ता लागला तेव्हा मी विचारलं, “कळला का माग?”

“न्हाई.”

मी आवाज सपाट ठेवला. “मग घरी जाऊन बॅग भरू. सव्वातीनला निघालो तरी—”

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एका बंद पडलेल्या रसवंतीच्या सावलीत थांबवली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून बसले.

“मला सांगायचं न्हाई म्हणालीस त्याला.”

“काय?”

“खचतील म्हणालीस.”

“तुम्हाला ऐकू कसं—”

“ऐकू कुठलं येतंय. काच होती. तो पाठमोरा होता, तो काय म्हणाला ते कळलं न्हाई. तुझं तोंड माझ्याकडं होतं.”

माझा हात तोंडाकडे गेला.

“कारखान्यात चाळीस वर्षं काढली,” ते म्हणाले. “चाळीस माग चालू असताना तिथं कोण कुणाचं ऐकतंय? तोंडाकडं बघायचं. तुझी आई डबा घेऊन यायची आणि दारातनं मला शिव्या घालायची. मी पार पलीकडच्या मागावरनं उत्तर द्यायचो. सगळा कारखाना बघून हसायचा. आवाज कुणाचाच न्हाई.”

हे मला माहीत होतं. त्या गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. शाळेत वर्गात बोलायचं नसेल तर आम्ही तसंच बोलायचो, आणि मास्तरही विणकरांच्या घरचे असल्यामुळे पकडायचे. मी विसरले होते. इतकी विसरले होते की त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द नीट सुटा उच्चारून मी त्यांच्यापासून गोष्ट लपवली होती. वर्गात शिकवायची सवय.

“तुम्हाला आज कळलं?” मी विचारलं. “कानाचं?”

“आज नक्की झालं.”

“म्हणजे संशय होता. आणि तरी महिनाभर त्या माणसाच्या डोक्यावर बसून स्पीकर बदलताय?”

“मग कसं कळणार?” ते चिडून म्हणाले. “माग बिघडला की काय करायचं असतंय? एकेक भाग बदलायचा. बदलून बी बिघाड तसाच राहिला म्हणजे तो भाग चांगला, पुढचा बघायचा. आधी फोन बदलला. मग स्टिरिओ बदलला. मग स्पीकर. ते तीनदा, कारण म्हटलं बशीर हलका माल लावत आसंल. आज त्यानं त्याच्याकडचं शेवटचं लावलं. आता बदलायला काय ऱ्हायलंय?”

त्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं.

मी महिनाभर ज्याला हट्ट म्हणत होते, पुण्यात मैत्रिणींना सांगून हसत होते, ते तेवढंच होतं. आप्पा काम करत होते.

“मला फोनवर सांगायचं होतं,” मी म्हटलं.

“फोनवर?” आता त्यांना खरंच राग आला. “फोनवर तू काय बोलतीस त्यातलं मला दोन वर्षं काही कळत न्हाई. नुसतं गुणगुण गुणगुण. मी बरं म्हणतो. चुकून कुठं वाईट बातमी असली तर काय घ्या, म्हणून जपून म्हणतो. व्हिडिओ लाव म्हणतो तर तू फोन उताणा ठेवतीस. तुझ्या घरचा पंखा पाठ झालाय मला. एका पात्याला गंज चढलाय, बघ एकदा.”

रस्त्यानं सुताची बाचकी लादलेला टेम्पो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. बोलायला लागले असते तर ओठ स्थिर राहिले नसते, आणि ते ओठच बघत होते.

शेवटी बोलले ते भलतंच. “मग आता येताय ना पुण्याला?”

“शब्द दिलाय. येतो की.” त्यांनी फोन काढला. “पण चाराला अजून वेळ हाय. तेवढ्यात महावीरचं बघून टाकू.”

“कसं बघणार? तुम्हीच म्हणालात—”

“तू ऐक. मला सांग.”

“मला मागातलं काही कळत नाही, आप्पा.”

“तुला कळायला कुणी सांगितलंय? ऐकू येतंय ते बोल. बाकी मी बघतो.”

त्यांनी लावलं. नव्या स्पीकरांतून माग अंगावर आला. पुण्यात इतकी वर्षं जो आवाज मी कुणाला समजावून सांगू शकले नव्हते, तो आता गाडीच्या चारी दारांतून येत होता.

“काय येतंय?”

“खट-खटाक, खट-खटाक.”

“ते मला बी येतंय. मधलं सांग.”

“मध्ये एक... किणकिण.”

“किणकिण म्हणजे?”

“म्हणजे लांबून पैंजण वाजावं तसं. नाही, तितकं ओलं नाही. कोरडं. पाटीवर पेन्सिल ओढावी—”

“पैंजण का पेन्सिल?”

“दोन्ही नाही. आप्पा, असं एका शब्दात नाही सांगता येत.”

“एवढी कपाटभर पुस्तकं वाचलीस,” ते म्हणाले, “आणि एक आवाज सांगता येईना. लोखंडावर लोखंड का लोखंडावर लाकूड?”

मी ऐकलं. “लोखंडावर लोखंड.”

“हां. हे आधी सांगायचं. दर ठोक्याला येतंय?”

“नाही. एक सोडून एक.”

“बघ हं. नक्की?”

“एक सोडून एक. नक्की.”

ते स्वतःशी बोलले, हवेत बोट डावीकडे-उजवीकडे नेलं. “एक सोडून एक म्हणजे धोटा एका बाजूला गेला की. उजवी पेटी. तिथली स्प्रिंग. लाव महावीरला.”

मी महावीरला फोन लावला, कोण बोलतेय ते सांगितलं, निरोप सांगितला. पलीकडे माणूस कंटाळला होता. “ताई, ती स्प्रिंग कालच बदलली,” तो म्हणाला. “मामांना म्हणावं राहू दे आता. मी कोल्हापूरहून माणूस बोलवतो.”

मी आप्पांकडे वळले. ते वाट बघत होते. आता पुन्हा काही लपवायची माझी तयारी नव्हती, आणि लपवण्यासारखं काही नव्हतंही. खरं होतं ते माझ्याच फायद्याचं होतं. मी सावकाश म्हटलं, “कालच बदलली म्हणतो. कोल्हापूरचा माणूस बोलावणार आहे.”

त्यांनी मान डोलावली. खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“चला मग,” मी म्हटलं. “सव्वातीन वाजून गेले.”

“चुकलं म्हणजे तुझं ऐकण्यात चुकलंय,” ते म्हणाले. “माझा हिशेब बरोबर हाय. परत लाव.”

“आप्पा, गाडी चारची आहे.”

“म्हणून म्हणतो, लवकर लाव.”

“एक सोडून एक येतंय हो. शंभर वेळा ऐकलं तरी तेच येणार.”

“आवाज काढू नगो आता. तू बोलायला लागलीस की ऐकायचं सोडतीस, बोललेलं नीट बसवत बसतीस. मोठा ठोका मला कळतोय.” त्यांनी हात लांब करून दाराच्या पॅनेलवर, स्पीकरच्या जाळीवर पालथा ठेवला. “हे बघ, हाताला येतोय. तुझं काम एवढंच, ते बारीक वाजलं की तोंड उघड. वाजलं न्हाई की मीट.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका वैताग आला की गाडीतून उतरून चालत स्टँडवर जावंसं वाटलं. ऊन होतं. रसवंतीच्या फाटक्या ताडपत्रीची एक पट्टी उडत होती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर बंद गाडीत समोरासमोर बसलेली दोन माणसं, त्यातली एक माशासारखी तोंड उघडतेय, असं दिसलं असतं.

मी लावलं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात मी एक सोडून एकच तोंड उघडत होते, कारण तसं ठरवूनच बसले होते. मग कुठेतरी माझं तोंड उघडं राहिलं आणि आवाज आलाच नाही. पुढे दोन लागोपाठ आले. मग तीन ठोके रिकामे गेले. पुन्हा एक, तोही ठोक्यावर नाही, जरा मागून.

इतकी वर्षं वृत्तं शिकवून माझ्या कानाला आवर्तन ऐकायची खोड लागली होती. नसलं तरी मी ते घालून घेत होते.

मला वाटेल ते करता आलं असतं. त्या गाडीत ऐकू येणारी मी एकटी होते. एक सोडून एक उघडत राहिले असते तर मिनिटभरात रेकॉर्डिंग संपलं असतं, माग कळला नसता, शब्द शब्दासारखा राहिला असता. पूर्वेची खोली, माझा डॉक्टर, रोज डोळ्यांसमोर असलेले आप्पा. मी तोंड वाजेल तसं उघडत राहिले. रेकॉर्डिंग संपलं. त्यांनी बोटानंच खुणावलं, पुन्हा. दुसऱ्यांदाही मी तसंच केलं. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती आणि पॅनेलवरचा तळहात पत्र्याबरोबर थरथरत होता.

“थांब,” ते म्हणाले.

मी बंद केलं.

“तालात न्हाई ते.”

“नाही.”

“जे मागाच्या तालात वाजत न्हाई ते मागाचं नसतंच,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा होत गेला. “म्हणून सापडेना. मी मागात शोधत बसलो. खाली हाय ते. माग ज्याच्यावर उभा असतो, त्या पायाचा बोल्ट सुटलाय. सगळा मागच डुलतोय, म्हणून धोटा वाकडा जातोय. लाव त्याला. म्हणावं, मागच्या उजव्या पायाला लाथ मार आणि बघ.”

मी महावीरला पुन्हा फोन केला. त्यानं फोन हातातच ठेवून माग बंद केला असावा. खडखडाटातला एक पदर गळाल्यासारखा झाला. मग बराच वेळ दुसरे माग नुसतेच वाजत राहिले. आप्पा माझ्याकडे बघत राहिले.

“ताई,” महावीरचा आवाज आला, आता वेगळाच. “उजव्या नाही, डाव्या पायाचा. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरतोय हो. अजून चार दिवस गेले असते तर माग माणसावर आला असता. मामा आहेत का शेजारी?”

“आहेत.”

मी फोन बाजूला धरला, आप्पांकडे पूर्ण वळले आणि शब्दन् शब्द सांगितला. डावा पाय. बोटांनी फिरतोय. चार दिवस.

“डावा व्हय,” ते म्हणाले, जरा नाराजीनं. मग त्यांनी दारावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि चोळला. हात सुन्न झाला असावा.

स्टिरिओच्या पट्टीवर वेळ दिसत होती. चाराला तेरा मिनिटं कमी होती. तिथून स्टँड पाच मिनिटांवर, आणि बॅग न घेताही माणूस पुण्याला जाऊ शकतो. त्यांनी त्या आकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“गाडी?” त्यांनी विचारलं.

“चुकली,” मी म्हटलं.